पाइनचा दस्ता

१

जुनी बंदूक पाहायला गेलो की मी आधी लाकूड पाहतो. लोखंड घासूनपुसून नवं करता येतं, त्यावरचे आकडे पुन्हा ठोकता येतात. लाकडाला खोटं बोलणं तितकंसं जमत नाही. किती हातांचा घाम त्यात मुरला, ते पावसात राहिलं की कपाटात, कुठे आपटलं, सगळं त्याच्यावर दिसतं. हेल्का म्हणायची, "तू माणसांकडेही असंच बघतोस. आधी मूठ कुठे झिजलीय ते."

हेल्का माझी बायको. ऑक्टोबरात गेली. आजार फार लांबला नाही, एवढंच त्यातलं बरं.

माझा संग्रह लहान आहे. आमच्या फिनलंडच्या पायदळाने युद्धात वापरलेल्या बंदुका, प्रत्येक प्रकारची एक. मी शाळेत इतिहास शिकवतो, त्यामुळे परवाना मिळायला अडचण आली नाही. कपाट सुताराने केलं, पण आतली हिरवी बनात हेल्काने कापून बसवली. प्रत्येक बंदुकीच्या आकाराची खाच तिने आधीच करून ठेवली होती. शेवटची खाच अजून रिकामी आहे. ती सुओमी सबमशीनगनची. माझे आजोबा अशीच एक घेऊन जंगलात लढले होते. तिच्या गोळ्यांच्या वाटोळ्या डब्यासाठी हेल्काने बनातीवर बशी उपडी ठेवून खडूने गोल आखला होता. खडूची रेघ अजून पुसलेली नाही.

मार्चच्या सुरुवातीला माझा मित्र कालेर्वो याचा फोन आला. तोही बंदुका जमवतो, पोटासाठी टायरचं दुकान चालवतो.

"मास्तर, झोपलायस की जिवंत आहेस?"

"वह्या तपासतोय."

"म्हणजे दोन्ही. ऐक, उर्हो तिइहोनेन गेला ना, त्याची म्हातारी बायको घर सोडून वृद्धाश्रमात चाललीय. त्याची सुओमी तिच्याकडेच आहे. ईस्टरपर्यंत परवानेवाल्याला विकली नाही तर पोलीस नेऊन वितळवणार. मी घेतली असती, पण तुझी ती रिकामी खाच पाहून मला दर वेळी दात पडल्यासारखं वाटतं. तू जा."

हेल्का गेल्यापासून मी ते कपाट उघडलं नव्हतं. तरी शनिवारी सकाळी गेलो.

२

एल्वी तिइहोनेन ऐंशी ओलांडलेली, ताठ, बारीक. दार उघडल्याबरोबर म्हणाली, "बूट काढ, मास्तर. फरशी आजच पुसलीय. बंदूक काही पळून जात नाही."

मी काचेच्या पडवीत बूट काढले आणि आत गेलो. टेबलावर कॉफी आणि वेलचीचा पाव तयार होता.

"घ्यायचीय की नुसती बघायचीय?"

"बघून ठरवतो, मावशी."

"म्हणजे घ्यायचीय. नुसतं बघणारे आल्या आल्या घ्यायचीय म्हणतात."

आमच्या सावो भागात म्हण आहे की, सावोचा माणूस बोलायला लागला की जबाबदारी ऐकणाऱ्याची. मी हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो असेन, कारण गाल अवघडले.

लोखंड आतल्या खोलीत, पोलादी कपाटात होतं. उर्होने ते जिवापाड जपलेलं दिसत होतं. नळीवरचं जाळीचं आवरण कुठेही चेपलेलं नव्हतं, आकडे सगळीकडे जुळत होते. पण मागचा लाकडी दस्ता जागेवर नव्हता. स्क्रूंची भोकं उघडी होती.

"दस्ता कुठे आहे?"

"पडवीत. बुटांच्या वरच्या फळीवर."

"पडवीत का?"

"पोलीस म्हणाले, नळी कुलपात ठेवा. लाकडाबद्दल ते काही बोलले नाहीत."

तिचं बरोबर होतं. कायद्याच्या दृष्टीने दस्ता म्हणजे नुसतं लाकूड, त्याला परवाना लागत नाही. पण दस्ता काढून पडवीत ठेवणारा संग्राहक मी पाहिलेला नव्हता.

मी दुसरा कप घेत होतो, तेवढ्यात पडवीत कोणीतरी बुटांचा बर्फ झटकला. धप्, धप्. आमच्याकडे हा आवाज म्हणजेच दारावरची घंटा. तो आला की घरातला माणूस आपोआप जास्तीचा कप काढतो.

"कोणी आलं वाटतं," मी म्हणालो.

एल्वीने मान वळवली नाही. "आत नाही येत," ती म्हणाली. "कॉफी गार होतेय."

मी दाराकडे पाहत राहिलो. कडी हलली नाही. काही वेळाने दस्ता आणायला मी पडवीत गेलो. तिथे कोणी नव्हतं. माझे बूट एका कडेला होते, त्यांच्यावरचा बर्फ केव्हाच वितळून वाळला होता. फळीच्या बरोबर खाली, पायपुसण्यावर, ताज्या बर्फाची दोन ढेकळं पडलेली होती. अजून पांढरी, कोरडी.

छपरावरचा बर्फ घसरला असेल, मी मनाशी म्हटलं. पडवीला छप्पर होतं, काचा बंद होत्या. फटीतून आला असेल.

दस्ता हातात घेतल्याबरोबर कळलं की तो बर्चचा नाही. सुओमीचा दस्ता बर्चचा असतो, जड आणि थंड. हा पाइनचा होता, हलका. त्याच्या एका अंगावर क्रूस आणि काही अक्षरं कोरलेली होती. युद्धात पोरं असली कोरीवकामं करत. तसं असेल तर लाकूड बदललेलं असूनही मोलाचं.

"हा घरी नेऊन नीट पाहिला तर चालेल?"

एल्वीने मला कोट आणून दिला. मी कोट चढवल्यावर तिने विचारलं, "तुझं कोण गेलं, मास्तर?"

"बायको. ऑक्टोबरात."

तिने माझ्या कोटाची कॉलर सरळ केली. माझी आई करायची तशी.

"मग ने. जवळ ठेवून बघ. त्याशिवाय घ्यायचं की नाही ते कळणार नाही."

३

दस्त्याला जवसाच्या तेलाचा आणि डांबराचा वास होता, म्हणून मी तो आमच्याही पडवीतच ठेवला. हेल्काच्या हातमोज्यांच्या फळीवर. ते हातमोजे मी अजून हलवलेले नाहीत.

सोमवारी दुपारी शाळेतून येऊन मी स्वयंपाकघरात वह्या घेऊन बसलो होतो. बाहेर ऊन होतं, छपराच्या कडेने पाणी गळत होतं. पडवीत बूट झटकल्याचा आवाज आला. आधी टाचेवर टाच. मग पायरीच्या कडेला एका बुटाचा तळवा सावकाश घासला, कोणाची झोपमोड होऊ नये असा.

"आज लवकर आलीस?" मी वहीतून मान वर न काढताच विचारलं.

मग माझ्या लक्षात आलं.

मी पेन खाली ठेवलं. उठून दारापर्यंत जायला बराच वेळ लागला असावा, कारण मी पडवीत पोचलो तेव्हा तिथे फक्त पाणी होतं. फळीखालच्या फरशीवर लहानसं थारोळं, त्यात आकाश दिसत होतं.

छपरावरून गळतंय, मी म्हटलं. मार्चात गळतंच. आणि बूट झटकायची रीत माणसाच्या कानात बसलेली असते, कुठल्याही आवाजात ती ऐकू येते. हे मी दुसऱ्या कोणाला अगदी समजुतीने सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून लवकर निघालो.

४

कालेर्वो दस्ता पाहायला आला. येताना त्याने बायकोने केलेला कालाकुक्को आणला होता, मासे भरून भाजलेली राईची जाड भाकरी. हेल्का गेल्यापासून त्या बाईने मला उपाशी राहू दिलेलं नाही.

त्याने दस्ता नखाने टोकरला आणि तोंड वाकडं केलं.

"पाइन! मास्तर, उद्या तू प्लायवूडची तोफ आणशील."

"कोरीवकाम बघ."

"बघतोय. पोरीचं नाव नाही, शिवी नाही. कसला सैनिक हा?" त्याने चष्मा कपाळावर सरकवून भिंग डोळ्याला लावलं. हळूहळू त्याची थट्टा बंद झाली. "इकडे ये. ही कड बघ."

दस्त्याच्या गोलाईपाशी एक अक्षर अर्धंच होतं. पुढचं अर्धं लाकडाबरोबर कापलं गेलं होतं. खाली वर्षाचे आकडे होते, त्यातला शेवटचा अर्धा. उरलेल्या आकड्यांवरून ते वर्ष गेल्याच शतकातलं, पण बंदूक बनायच्या बरंच आधीचं. क्रूसाचा एक हातही कडेला येऊन संपत होता.

"दस्त्यावर कोणी कोरलं नाहीये," कालेर्वो म्हणाला. "कोरलेलं लाकूड घेऊन त्यातून दस्ता कापलाय."

हे कसलं लाकूड ते आम्हा दोघांनाही कळलं. दोघंही याच भागात वाढलेले होतो.

कार्सिक्को. मी तो दर वर्षी नववीच्या वर्गाला शिकवतो. शवयात्रा घराकडून देवळाकडे, तिथल्या दफनभूमीकडे निघाली की वाटेत एका पाइनपाशी थांबायची. फांद्या छाटायच्या, खोडाची साल तासायची आणि गेलेल्या माणसाच्या नावाची अक्षरं आणि मृत्यूचं वर्ष कोरायचं. पुढे त्याला घरची ओढ लागून तो थडग्यातून निघाला, तर या झाडापर्यंत येतो, स्वतःची अक्षरं वाचतो आणि मागे वळतो. ते झाड तोडत नाहीत. जाळत तर नाहीतच. का, असं मुलं विचारतात, तेव्हा मी म्हणतो, लोकसमजूत. मग पुढचा धडा.

"उर्होचं डोकं फिरलं होतं का?" कालेर्वोने दस्ता टेबलावर ठेवला आणि पँटला हात पुसले. "माझं ऐक, हे परत कर. लोखंड हवं तर घे, मी तुला बर्चचा दस्ता करून देतो. तुला नको असेल तर लोखंड मी घेतो. पण हे घरात नको."

"तू कधीपासून घाबरायला लागलास?"

"मी घाबरत नाही. मला फक्त ते आवडत नाही." तो गाडीत बसता बसता म्हणाला, "आणि ती भाकरी खा. नुसती बघत बसू नकोस."

तो गेल्यावर मी एल्वीला फोन केला.

"वादळात पडलं ते झाड," ती म्हणाली. तिकडे भांड्यांचा आवाज येत होता. "आमच्या वळणावरचं. सासरच्या सगळ्यांची अक्षरं होती त्याच्यावर. उर्हो म्हणाला, वाळलेलं आहे, सरळ आहे, वाया का घालवायचं? दस्ता तडकलेलाच होता. बाकीचं सगळं झाड जागेवर कुजू दिलं त्याने. एवढा एकच तुकडा आणला."

"मग काय झालं?"

"मग काही वर्षं आम्ही तो नावघरात ठेवला, तळ्याकाठी. घरात ठेवला की पायपुसणं सारखं ओलं व्हायचं. सासूबाईंचा पाय जड होता, त्या मला कळायच्या." ती जराशी हसली. "उर्हो गेला आणि मी तो वर घरात आणला. पडवीत. ज्या घरात ते लाकूड, त्या घरचं गेलेलं माणूस येतं, अक्षरं कुणाचीही असोत. त्याच्यापुढे नाही येत कोणी. पण तिथपर्यंत उर्हो येतो. रोज येतो. आश्रमात मला एकच खोली मिळणार आहे, मास्तर, दोघीजणींत. तिथे पडवी नाही."

"तुम्ही माझी निवड केलीत."

"कालेर्वोला मीच सांगितलं होतं, कोणी एकटं राहिलेलं असेल तर पाठव."

५

तेव्हा मला बंदूक घ्यायची होती. एवढं मन लावून कुठलीच घ्यावीशी वाटली नव्हती. खाचेसाठी नाही, आजोबांसाठीही नाही. परवान्याचा अर्ज मी त्याच संध्याकाळी भरायला घेतला.

दस्ता परत पडवीत ठेवायला उचलला, आणि हातात घेऊन उभा राहिलो. त्याच्यापुढे नाही येत कोणी, असं ती म्हणाली होती. मग दस्ता जिथे असेल तिथपर्यंत तरी हेल्का येईल.

मी तो स्वयंपाकघराच्या टेबलावरच ठेवला. माझ्या बाजूला, दारापासून दूर.

दुसऱ्या दिवशी दुपारी पडवीत टाचेवर टाच वाजली. तळवा घासला. मग आतलं दार. कडी हलली की नाही ते मी पाहिलं नाही, मी टेबलाकडे पाहत होतो. दार लागल्यावर आमच्या घरात हवेचा एक हलका धक्का बसतो, खिडकीजवळचं रोपटं हलतं. ते हललं. थंड हवा आली, आणि तिच्यात लोकरीचा ओला वास होता.

आमच्या लाकडी जमिनीतली ती नेहमी करकरणारी फळी करकरली. मग टेबलापलीकडची खुर्ची, तिची, बोटभर मागे सरकली.

मी मान वर केली नाही. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती, आणि तिला ती दिसू नये असंही वाटत होतं. माझ्या शेजारी ओव्हनच्या दाराची काळी काच होती. तिच्यात खिडकी दिसत होती, टेबल दिसत होतं, टेबलावरचं लाकूड दिसत होतं. लाकडाच्या पलीकडे राखाडी लोकरीची टोपी दिसली. केस गळायला लागले तेव्हा तिने इस्पितळात बसून विणलेली.

मागून दिसली. चेहरा नाही. ती परत जायला वळलेली होती.

दुकानापर्यंत चालत यावं आणि दार बंद दिसावं, तसे तिचे खांदे उतरलेले होते. असे खांदे मी एकदाच पाहिले होते, डॉक्टरांच्या खोलीतून ती बाहेर आली तेव्हा. तेव्हा निदान मी उठून तिच्याजवळ गेलो होतो.

फळी पुन्हा करकरली. रोपटं हललं. पडवीतून बाहेर जाणाऱ्या पावलांचा आवाज मी प्रथमच ऐकला. येताना असतो तसा तो नव्हता. पाय ओढत चालल्यासारखा.

इतकी वर्षं मी वर्गात सांगत आलो की ते झाड गेलेल्याला अडवतं. ते आपल्या, जिवंत माणसांच्या बाजूने सांगत आलो. तळ्याकाठच्या रस्त्याने देवळाजवळच्या थडग्यापासून इथवर बर्फातून चालत यायचं, आपल्याच स्वयंपाकघरात, आपल्याच खुर्चीपर्यंत, आणि तिथून परत पाठवलं जायचं. रोज. आणि मी ते "ती येते" म्हणून ऐकत होतो. जास्त ऐकू यावं म्हणून लाकूड जवळ ओढत होतो.

अर्ज टेबलावर अर्धा भरलेला होता. मी तो पूर्ण केला नाही.

६

शनिवारी दस्ता टॉवेलमध्ये गुंडाळून मी एल्वीकडे नेला. पडवीत बूट काढताना फळीकडे पाहिलं. ती रिकामी होती, पायपुसणं कोरडं.

"आठवडाभर आला नाही," एल्वी म्हणाली. कॉफी नव्हती केलेली. केस विंचरलेले नव्हते. "आला असेल तर मला कळलं नाही. आण इकडे."

"मावशी, मी बंदूक घेत नाहीये. लोखंड कालेर्वो घेईल."

तिने टॉवेल उलगडला आणि अंगठा अर्ध्या अक्षरावर फिरवला. "तुझी आली नाही का?"

"आली."

"मग?"

मी काचेत जे पाहिलं ते तिला सांगितलं. टोपी, खांदे. सांगताना मध्ये एकदा थांबावं लागलं. ती ऐकत होती आणि तिचा अंगठा फिरायचा थांबला होता.

"तो येतो तर खरा," ती म्हणाली. "मला तेवढं पुरे होतं."

"तुम्हाला पुरे होतं, मावशी. त्याला?"

हे मी बोलायला नको होतं. तिने टॉवेलची नीट घडी घातली.

"मास्तर लोकांना शिकवायची भारी खोड," ती शेवटी म्हणाली. रागाने नाही. "कधी दार उघडून बघितलं नाही मी. वाटायचं, बघितलं तर यायचा बंद होईल." तिने दस्ता मांडीवर आडवा घेतला, तान्हं मूल घेतात तसा. "जा तू आता. आणि दार नीट लाव. नाही, राहू दे. नुसतं लोटून घे."

मी बूट चढवत होतो तेव्हा आत चुलीचं लोखंडी झाकण सरकल्याचा आवाज आला. मी परत आत जायला हवं होतं का, ते मला ठरवता आलं नाही. गाडी वळणावर, जिथे ते झाड होतं तिथे आली, तेव्हा मी आरशात पाहिलं. तिच्या धुराड्यातून काळा, दाट धूर सरळ वर चालला होता. डांबर मुरलेलं पाइन तसंच जळतं.

७

देवळापाशी मी थांबलो नाही. तळ्याकाठच्या रस्त्याने घरी आलो.

दुपारचं ऊन अजून होतं. सकाळी मी निघाल्यावर थोडा भुरभुर बर्फ पडला होता, त्यामुळे अंगण कोरं होतं. त्याच्यावर रस्त्यापासून पडवीपर्यंत एकच पाऊलवाट उमटलेली होती. लहान पावलं, डावं किंचित बाहेर वळलेलं. दरवेळी ती पडवीपर्यंत येऊन परत जाते हे आता मला माहीत होतं. मी गाडीपाशी उभा राहून परतीची पावलं शोधली.

ती नव्हती.

पडवीच्या फरशीवर ओले ठसे फळीखालून पुढे गेले होते. फळीवर हातमोजे नव्हते. आतलं दार नुसतं लोटलेलं होतं, आणि मला आठवत होतं की मी ते कुलूप लावून गेलो होतो. आतून कॉफीच्या यंत्राची शेवटची गुरगुर ऐकू आली. मग कपाटाचं दार. मग एक कप टेबलावर ठेवला, आणि थोड्या वेळाने दुसरा.

मी किती वेळ तसाच उभा होतो ते सांगता येणार नाही. मला धावत आत जायचं होतं. गाडीत बसून कालेर्वोकडेही जायचं होतं. दोन्ही इच्छा सारख्याच खऱ्या होत्या. आतली करकरणारी फळी करकरली. कोणीतरी दारापाशी येऊन उभं राहिलं होतं, मी उभा होतो तसंच.

मी पायरीवर मागे गेलो आणि बुटांचा बर्फ झटकला. जोरात, माझ्या नेहमीच्या रीतीने. म्हणजे तिला कळावं की मीच आलोय, आणि तिने घाबरू नये.